थर, वय आणि दोर: दहीहंडीच्या नियमांवरचा वाद

दहीहंडीचे थर किती उंच लावावेत आणि सगळ्यांत वर कोणत्या वयाच्या मुलाला चढवावे, हे दोन प्रश्न महाराष्ट्रात 2014 पासून न्यायालये, सरकार आणि गोविंदा पथके यांच्यात गाजत आले आहेत. वरवर पाहता हा एका सणाचा प्रश्न आहे. पण सुरक्षेचे नियम कुठवर असावेत आणि कुठे थांबावेत, हा मोठा वाद त्यात जसा स्पष्ट दिसतो तसा क्वचितच दिसतो. कारण एकाच मनोऱ्यात सज्ञान माणसेही असतात आणि मुलेही. खालचा तिशीतला गडी स्वतःच्या मर्जीने उभा असतो, वरचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा मोठ्यांनी चढवलेला असतो. एकच नियम दोघांना लावला की त्यातल्या एकावर तरी अन्याय होतो.

या वादाच्या दोन बाजू इथे दोघांच्या तोंडून येतात. एक जण गोविंदा पथकाचा प्रशिक्षक आहे. त्याची हयात चाळीत गेली आणि पोरवयात तो स्वतः वरच्या थरावर चढलेला आहे. दुसरी व्यक्ती म्हणजे सरकारी रुग्णालयातल्या अस्थिरोग विभागातली डॉक्टर. गोपाळकाल्याच्या दिवशी तिची सुट्टी रद्द झालेली असते. ही दोघे कोणी विशिष्ट माणसे नाहीत; दोन्ही बाजूंना जे म्हणायचे असते ते त्यांच्या संवादातून मांडले आहे.

आधी थर कसा लागतो ते पाहायला हवे. सगळ्यांत खाली पथकातले धिप्पाड, वजनदार गडी एकमेकांच्या खांद्यांवर हात गुंफून रिंगण करतात आणि बाहेरून बाकीचे त्यांना छातीचा, हातांचा आधार देतात. वरचा गडी खालच्याच्या पोटरीवर, मग कमरेवर, मग खांद्यावर पाय देत चढतो. अनेक पथकांत वरचे थर आधी बसलेले असतात आणि प्रशिक्षकाची शिट्टी झाली की खालून वर एकेक करून उभे राहतात. जितके वर जावे तितकी माणसे कमी होतात. शेवटच्या थरांत एकेकटा गडी उभा असतो, त्याला ‘एक्का’ म्हणतात. नऊ थर लावायचे तर वरचे तीन-तीन, कधी चार एक्के सांभाळावे लागतात. एकाच माणसाच्या खांद्यावर दुसरा आणि त्याच्यावर तिसरा उभा राहायचा म्हणजे वजन कमी असणे ही पहिली अट. म्हणून सगळ्यांत वर मूल येते. परंपरेचे कारण नंतरचे. आधी वजनाचा हिशेब येतो.

उंचीचा हिशेबही तितकाच सरळ आहे. 2012 मध्ये ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावले. त्याची उंची 13.34 मीटर, म्हणजे सुमारे 44 फूट भरली आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. म्हणजे एका थरामागे साधारण पाच फूट. वीस फुटांची मर्यादा घातली तर चार थरांतच खेळ आटोपतो. वीस फुटांवरून मोकळा पडणारा देह ताशी सुमारे 39 किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो, चाळीस फुटांवरून पडणारा सुमारे 56 किलोमीटर वेगाने. प्रत्यक्षात कोणी असा मोकळा पडत नाही. खालच्यांच्या अंगावर, हातांवर आपटत येतो आणि त्याने वेग मोडतो. पण पडणाऱ्याचा जो वेग मोडतो त्याचा मार खालच्यांच्या मानेवर आणि पाठीवर बसतो. म्हणूनच दहीहंडीत जायबंदी होणाऱ्यांत वरून पडलेलेच असतात असे नाही. मधल्या आणि खालच्या थरांतले, ज्यांच्यावर बाकीचे कोसळले, असेही असतात.

ऑगस्ट 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालच्या मुलांना थरात भाग घेण्यास मनाई केली आणि हंडीची उंची वीस फुटांवर आणली. त्याच आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षापुरती ही बंधने सैल केली. बारा वर्षांखालच्या मुलांवरची बंदी मात्र राहिली. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा अठरा वर्षे आणि वीस फूट हेच कायम ठेवले. त्या वर्षी दादरला काही पथकांनी शिडी लावून हंडी फोडली आणि निषेध नोंदवला. ठाण्यात मर्यादा मोडून थर लागले आणि गुन्हे दाखल झाले. 2017 मध्ये प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयात आले. चौदा वर्षांखालच्या मुलांना भाग घेऊ देणार नाही, अशी हमी राज्य सरकारने दिली. न्यायालयाने ती नोंदवून घेतली आणि उंचीवर मर्यादा घालण्यास नकार दिला. तेव्हापासून ढोबळमानाने हीच चौकट आहे: वय चौदा, उंची मोकळी, आणि हेल्मेट, सुरक्षा दोर, गाद्या, रुग्णवाहिका यांची सणाच्या दिवशीची व्यवस्था आयोजकाने करायची. 2022 मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. मृत्यू झाल्यास वारसांना दहा लाख रुपये आणि दोन अवयव गमावल्यास साडेसात लाख, असे साहाय्यही ठरवले.

प्रशिक्षकाचा पहिला आक्षेप वयाच्या अटीवर आहे.

“डॉक्टर, मी आठ वर्षांचा असताना सहाव्या थरावर चढलो होतो. घाबरलो नव्हतो असं नाही. खाली बघितलं आणि पाय लटलटायला लागले. खालून आमचे दादा ओरडले, खाली बघू नकोस, समोरच्या खिडकीकडे बघ. मी खिडकीकडे बघत उभा राहिलो. त्यानंतर शाळेत, नोकरीत, कुठंही भीती वाटली की मला ती खिडकी आठवते. हे शिक्षण तुम्ही चौदा वर्षांपर्यंत कुलपात ठेवणार?”

“दादा, तुम्ही पडला नाहीत म्हणून तुमच्याकडे ही आठवण आहे. जे पडले त्यांच्या आठवणी माझ्याकडे येतात. गेल्या खेपेला एक पोरगा आला होता, दोन्ही पायांत संवेदना नव्हती. मानेचा मणका सरकलेला. तो मला विचारत होता, पुढच्या वर्षी चढता येईल का?”

“मुलं सायकलवरून पडत नाहीत? झाडावरून पडत नाहीत? सगळं बंद करणार का?”

मुलांना धोक्यापासून पूर्ण दूर ठेवणे त्यांच्याच वाढीला मारक असते, हा विचार केवळ चाळीतला नाही. 1943 मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, कोपनहेगनजवळच्या एमड्रुपमध्ये मुलांसाठी एक वेगळेच मैदान उभे राहिले. तिथे घसरगुंड्या-झोपाळ्यांऐवजी लाकडे, विटा, दोर, हातोडे असे साहित्य होते आणि मुले त्यातून वाटेल ते बांधत. युद्धानंतर ही कल्पना ब्रिटनमध्ये गेली. पुढे नॉर्वेच्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी मुलांच्या जोखमीच्या खेळाचे प्रकार मांडले: उंचीवर चढणे, वेग, धोक्याची अवजारे, आग-पाण्याजवळचे खेळ, धसमुसळेपणा आणि एकटे भटकणे. उंची या यादीत ठळक आहे. उंचीची भीती हळूहळू, स्वतःच्या हिमतीने ओलांडणारे मूल पुढे धोका ओळखायला शिकते, असा या मांडणीचा रोख आहे. त्यामुळे प्रशिक्षकाचे म्हणणे हट्टाचे म्हणून बाजूला सारता येत नाही.

पण त्याच संशोधनातला एक तपशील दहीहंडीच्या विरोधात जातो. अशा खेळात मूल किती उंच जायचे ते स्वतः ठरवते. झाडावर चढणारा मुलगा एका फांदीवर थांबतो, खाली पाहतो, वाटले तर उतरतो. दुसऱ्या दिवशी आणखी एक फांदी वर जातो. भीतीच्या प्रमाणात पाऊल पडते, आणि खरे शिक्षण याच मोजमापात आहे. थरावरच्या मुलाला हे मोजमाप नसते. किती थर लावायचे ते पथक ठरवते, बक्षीस आयोजक ठरवतो, केव्हा उभे राहायचे ते शिट्टी ठरवते. आठव्या थरावर मुलगा घाबरला तरी त्याला मधूनच उतरता येत नाही, कारण त्याच्या उतरण्यावर खालच्या शंभर-दीडशे जणांचा तोल अवलंबून असतो. मुलाला धोका पेलायला शिकवणे आणि मोठ्यांच्या खेळात मुलाच्या हलक्या वजनाचा वापर करणे, यांतला फरक इथे आहे.

महाराष्ट्रात याचा एक पडताळा घरचाच आहे: मल्लखांब. बाळंभटदादा देवधरांनी रुजवलेल्या या विद्येत मुले आठव्या-नवव्या वर्षी, कधी त्याही आधी, खांबावर चढतात. पुरलेला खांब जमिनीवर साधारण आठ-साडेआठ फूट असतो. दोरीचा मल्लखांब त्याहूनही उंच असतो. त्यावर डोके खाली पाय वर करून मुले लटकतात. तरीही मल्लखांबावर चौदा वर्षांची अट घाला, असे कोणी मागत नाही, आणि मागूही नये. कारण तिथे खाली गादी असते, शेजारी गुरुजी उभे असतात, मूल एकटेच खांबावर असते आणि कोणत्याही क्षणी हात सोडून उतरू शकते. एक पकड नीट जमल्याशिवाय दुसरी शिकवली जात नाही. उंची कमी आणि शिस्त जास्त. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात संध्याकाळी उभे राहून पाहिले तरी कळते की मुलांना उंचीपासून तोडायचे नसेल तर त्यांना कोणत्या रीतीने चढवावे.

डॉक्टर हेच जरा वेगळ्या शब्दांत सांगते.

“मला मुलं चढायला हवी आहेत, दादा. माझीही पोरगी चढते. पण ती चढते तेव्हा तिच्या पायाखाली खांब असतो, थरथरणारा माणूस नसतो. आणि तिच्या पडण्यावर कुणाचं पाच लाखांचं बक्षीस अवलंबून नसतं.”

“आमची पोरंही आधी चौथ्या थरावर, मग पाचव्या, अशीच चढतात. एकदम आठव्यावर कुणी चढवत नाही.”

“मग सरावात हेल्मेट का नसतं?”

इथे प्रशिक्षकाकडे उत्तर नसते, आणि हा या वादातला सगळ्यांत दुबळा दुवा आहे. पथकांचा सराव बहुतेक ठिकाणी गुरुपौर्णिमेला सुरू होतो आणि महिना-सव्वा महिना रात्री उशिरापर्यंत गल्लीत, मैदानात, कधी दोन चाळींमधल्या मोकळ्या जागेत चालतो. सणाच्या दिवशी पोलीस असतात, कॅमेरे असतात, रुग्णवाहिका असते, क्रेनला बांधलेला दोर असतो. सरावाला बहुतेकदा यांतले काहीच नसते. 2014 च्या आदेशाआधी नवी मुंबईत एका किशोरवयीन गोविंदाचा मृत्यू झाला होता, तो सरावात. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबईच्या उपनगरात अकरा वर्षांचा मुलगा वरच्या थरावरून पडून दगावला, तोही सरावात. त्या मुलाचे वय नियमाने ठरवलेल्या वयापेक्षा तीन वर्षे कमी होते. नियम होता, हमी होती, न्यायालयाची नोंद होती. नव्हते ते फक्त सरावाच्या जागी विचारणारे माणूस. नियम जास्त झाले की कमी, या प्रश्नाचे उत्तर अशा घटनांत शोधावे लागते: जिथे कोणी पाहत नाही तिथे नियम शून्य आहे, आणि जिथे सगळे पाहत आहेत तिथे तो दहा कलमांचा आहे.

वयाच्या अटीवर या लेखाचा कौल डॉक्टरच्या बाजूने आहे. चौदा ही संख्या काही जादूची नाही. बारा किंवा सोळा का नाही, असे कोणीही विचारू शकते. पण ती बालकामगार कायद्याशी जुळते, आणि पालक, पथक, पोलीस अशा सगळ्यांना एकच ओळखीची रेघ मिळते. रेघ पक्की असली पाहिजे, कारण वरच्या मुलाची संमती ही संमती मानता येत नाही. वाद घालायचा तो सज्ञानांच्या बाबतीत.

तिथे प्रशिक्षकाचा आवाज अधिक ठाम होतो.

“मुलांचं सोडा. माझ्या पथकातला सत्तावीस वर्षांचा पोरगा, बँकेत नोकरी करतो, सव्वा महिना रोज रात्री अकरापर्यंत घाम गाळतो. त्याला वीस फुटांच्या वर जाऊ नकोस हे सांगणारे तुम्ही कोण? तो हिमालयात गिर्यारोहणाला गेला तर तुम्ही अडवता? कर्जतला कडा चढायला गेला तर अडवता?”

“मी अडवत नाही. पण तो पडला की त्याची आई माझ्याकडे येते, त्याची बायको येते. पलंग सरकारी असतो, औषध सरकारी असतं. त्याच रात्री अपघातातला दुसरा एक जण व्हरांड्यात झोपलेला असतो. तुमच्या पोराची मर्जी त्याच्यापुरती कुठं राहिली?”

हा सगळ्यांत जुना वाद आहे. 1859 मध्ये जॉन स्टुअर्ट मिल यांनी ‘ऑन लिबर्टी’मध्ये मांडले की सज्ञान माणसावर समाजाने सक्ती करायची ती फक्त तो दुसऱ्याला अपाय करत असेल तर, त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी नाही. मुलांना त्यांनी या तत्त्वातून स्पष्टपणे वगळले होते. प्रशिक्षक नकळत मिलच्याच बाजूने बोलतो आहे. आणि डॉक्टर त्याला तोच प्रश्न विचारते, जो मिल यांच्यानंतर सगळ्यांनी विचारला: कोणाचे नुकसान फक्त त्याचे स्वतःचे असते?

सज्ञानांवरच्या सक्तीचा सगळ्यांत परिचित नमुना हेल्मेटचा. पुण्यात दुचाकीच्या हेल्मेटसक्तीला जितका संघटित विरोध झाला तितका क्वचितच दुसरीकडे झाला असेल. तिथल्या विरोधकांचे म्हणणे असे की शहरात वेग कमी असतो, हेल्मेटने मान दुखते, आजूबाजूचे ऐकू येत नाही, आणि डोके माझे आहे. यांतल्या शेवटच्या मुद्द्याला वजन आहे. पण आकडे दुसऱ्या पारड्यात आहेत. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मेली. त्यांतल्या 50,029 जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, आणि यात मागे बसलेलेही होते. जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलेल्या एका मोठ्या आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्के आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे 69 टक्के कमी होतो, असे आढळले. सुरक्षा वाढली की माणसे अधिक बेफिकीर होतात, असे अमेरिकी अर्थतज्ज्ञ सॅम पेल्टझमन यांनी 1975 मध्ये मोटारींबाबत मांडले होते. असा परिणाम काही प्रमाणात होत असेलही, पण हेल्मेटचा फायदा पुसून टाकण्याइतका तो मोठा दिसत नाही.

हेल्मेटसक्ती आणि उंचीची मर्यादा हे मात्र दोन वेगळ्या जातीचे नियम आहेत. हेल्मेट घातले तरी माणूस जायचे तिथे जातोच. नियम त्याच्या इच्छेला हात लावत नाही, फक्त पडण्याची किंमत कमी करतो. वीस फुटांची मर्यादा मात्र खेळच काढून घेते. चार थरांची दहीहंडी ही नऊ थरांची छोटी आवृत्ती नसते. पथकाने दर वर्षी ज्यासाठी जमायचे ते त्यातून निघून जाते. म्हणून सज्ञानांच्या बाबतीत 2017 मध्ये न्यायालयाने उंची मोकळी सोडली, हे योग्य झाले. प्रशिक्षकाचे म्हणणे इथे खरे आहे, आणि डॉक्टरलाही ते नाकारता येत नाही:

“उंची तुमची. पण दोर, गादी, हेल्मेट, हे माझं. यावर सूट मागू नका.”

“मागत नाही. पण सरावातला खर्च कोणी करायचा ते सांगा. पथकाकडे पैसे नसतात.”

या प्रश्नाने वाद योग्य जागी येऊन पोहोचतो. दहीहंडीतले पैसे पथकाकडे नसतात. ते हंडी बांधणाऱ्याकडे असतात. एकेकाळी वाडीतल्या दोन घरांच्या मधोमध दोरी बांधून मडके लटकवले जाई आणि आळीतली पोरे ते फोडत. आता चौकाचौकांत मंच असतात, नेत्यांची छायाचित्रे असतात, लाखोंची बक्षिसे असतात आणि थरागणिक रक्कम वाढत जाते. पथके एका दिवसात अनेक हंड्या करतात. ट्रकमधून एका नाक्यावरून दुसऱ्या नाक्यावर जातात, भिजलेली, दमलेली, अर्धपोटी. संध्याकाळी सातव्या किंवा आठव्या हंडीवर जो थर लागतो तो सकाळच्या थरासारखा नसतो. 2022 पासून दर वर्षी मुंबईच्या रुग्णालयांत शंभराहून अधिक जखमी गोविंदांवर उपचार झाले आहेत. त्यामागे या बक्षिसांचा आणि या धावपळीचा हात किती, हे कोणी मोजलेले नसले तरी पथकांत फिरणाऱ्या माणसाला ते ठाऊक असते.

हाच खेळ दुसरीकडे कसा हाताळला गेला, हे पाहण्यासारखे आहे. स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतात माणसांचे मनोरे लावण्याची परंपरा दोनशे वर्षांहून जुनी आहे. 2010 मध्ये युनेस्कोने ती जागतिक अमूर्त वारशात घेतली. तिथेही सगळ्यांत वर मूल जाते, बरेचदा दहा वर्षांच्या आतले. म्हणजे आपल्या चौदा वर्षांच्या नियमाने तो खेळ तिथे उभाच राहिला नसता. पण तिथे मनोऱ्याच्या पायथ्याशी शेकडो माणसांचा घट्ट गोल असतो, आणि त्याचे काम दुहेरी असते: मनोरा पेलणे, आणि कोसळला तर पडणाऱ्याला अंगावर झेलणे. 2006 मध्ये एका मुलीचा मनोऱ्यावरून पडून मृत्यू झाल्यावर वरच्या मुलांच्या डोक्यावर खास बनवलेले हेल्मेट आले. पथकांची एक मध्यवर्ती संघटना 1989 पासून आहे आणि विमा व सुरक्षेची बाब तिच्याकडे आहे. शिवाय तिथे मनोरा लागणे आणि तो सुखरूप उतरवणे यांची वेगळी नोंद होते. लागून कोसळला तर श्रेय कमी मिळते. आपल्याकडे टाळ्या सलामीला पडतात, उतरण्याला नाही. त्यामुळे वर पोहोचलेल्या पोराने हात उंचावला की खालच्यांचे लक्ष सुटते, आणि अनेक थर तिथेच कोसळतात.

“हे आपल्याकडे का होऊ नये?” डॉक्टर विचारते. “सुखरूप उतरलात तरच बक्षीस, असं का नाही?”

“आयोजकाने जाहीर केलं तर आम्हाला आनंदच आहे, डॉक्टर. उलट आमच्यावरचा दबाव कमी होईल. पण त्याने सांगायला हवं.”

दोघांचे एकमत होते ते इथे, आणि ते आयोजकावर होते. सध्याचे नियम पथकाला बांधतात, गोविंदाला बांधतात, वय विचारतात. ज्याच्या पैशाने आणि ज्याच्या नावासाठी थर लागतो त्याला त्या मानाने सैल सोडतात. गोविंदा पडला तर पथकाच्या पदाधिकाऱ्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल होतो. बक्षिसाचा आकडा वाढवणाऱ्याचे नाव त्यात क्वचितच येते. सरकारने 2022 मध्ये ठरवलेले साहाय्य चांगले आहे, पण ते कोसळल्यानंतरचे आहे. पडण्याआधीचा खर्च, म्हणजे सरावाच्या जागी गाद्या, वरच्या थरातल्या प्रत्येकाला डोक्याच्या मापाचे हेल्मेट, दोर आणि तो धरणारा शिकलेला माणूस, हे सगळे अजून पथकाच्या वर्गणीवर सोडलेले आहे. बक्षिसाच्या रकमेचा ठरावीक हिस्सा आधीच पथकांच्या सुरक्षा साहित्यासाठी द्यायचा, ही अट परवानगीत घातली तर आयोजकाला ती जड नाही आणि पथकाला ती नको असणार नाही.

मुलांच्या बाबतीत नियम पुरेसे कडक आहेत. त्यांचा अंमल अपुरा आहे. सज्ञानांच्या बाबतीत उंचीवर बंधन घालणे जास्तीचे झाले असते, आणि न्यायालयाने ते टाळले. जिथे नियम पोहोचतच नाहीत त्या दोन जागा म्हणजे सराव आणि बक्षीस. महापालिका आणि पोलीस परवानग्या देतात तेव्हा सणाच्या एका दिवसाचा विचार करतात. तो गुरुपौर्णिमेपासून व्हायला हवा.

पुढच्या गुरुपौर्णिमेला ज्या घरातले मूल सरावाला निघेल, त्या घरच्यांनी एकदा स्वतः सरावाच्या जागी जाऊन उभे राहावे. मूल चौदा वर्षांखालचे असेल तर त्याला खाली, पायथ्याच्या बाहेरच्या आधारालाही उभे करू नये, कारण कोसळणारा थर तिथेही येतो. चौदाच्या वरचे असेल तर गादी आणि दोर दिसल्याशिवाय त्याला चढू देऊ नये, आणि पथकाकडे ते नसेल तर ज्या आयोजकांच्या हंड्या ते पथक फोडणार आहे त्यांच्याकडे त्याची मागणी करावी.